घड्याळात १७२ दिसतंय: आता हळू पळायचं की घड्याळ काढून ठेवायचं?

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१. गेली काही वर्षं सकाळी पळतात, येत्या जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन पळायची आहे. नवीन घड्याळ घेतलंय आणि त्यात मित्राशी बोलत बोलत पळतानाही मिनिटाला १७० ते १७४ ठोके दिसतात. २२० वजा वय केलं तर कमाल ठोके येतात १७९, त्यामुळे घरचे घाबरलेत. दुसऱ्या कुणी १८० वजा वय हा आकडा सांगितला, म्हणजे १३९. तेवढ्यावर राहायचं तर पळणं सोडून चालावं लागतं. शिवाय त्यांच्यासोबत पळणारे एक काका बीपीची गोळी घेतात, त्यांचे ठोके १२० च्या वर सरकतच नाहीत. या सगळ्यातलं खरं काय मानायचं?

सर, तुमच्या प्रश्नातले "मित्राशी बोलत बोलत" हे शब्द माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचे. कमाल १७९ असलेला माणूस १७२ ठोक्यांवर गप्पा मारू शकत नाही. त्या ठिकाणी दोन शब्दसुद्धा तुटक निघतात. तुम्ही नीट बोलू शकत असाल तर दोनांपैकी एक गोष्ट चुकीची आहे: एक तर १७२ हा आकडा, नाही तर १७९ हा. माझा अंदाज असा की तुमच्या बाबतीत दोन्ही चुकले आहेत.

आधी १७२ बघू. मनगटावरचं घड्याळ ठोके थेट मोजत नाही. त्याच्या पोटाशी हिरवे दिवे असतात, त्यांचा उजेड कातडीत जातो आणि रक्त तो शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त थोडं वाढतं, थोडं कमी होतं, तसा परत येणारा उजेड बदलतो, आणि त्या बदलातून घड्याळ ठोक्यांचा हिशेब काढतं. बसल्या जागी हे छान चालतं. पळताना मात्र हात हलतो, पट्टा सरकतो, आणि पावलागणिक मनगटातलं रक्तही हिंदकळतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. घड्याळानं ठोक्यांऐवजी हीच लय पकडली की पडद्यावर १७२ दिसतं, आणि तो आकडा तुमच्या हृदयाचा नसून पायांचा असतो. असं वारंवार घडतं, आणि महागड्या घड्याळातही घडतं.

तपासणं सोपं आहे. पळत असताना अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा जमिनीला लागतो ते मोजा आणि चारनं गुणा. ४३ वेळा लागला तर पावलं झाली १७२. घड्याळातला आकडाही तेवढाच असेल तर चोर सापडला. खात्रीसाठी लगेच थांबा, गळ्याच्या एका बाजूला दोन बोटं हलकी टेकवा, १५ सेकंदांत ठोके मोजा आणि चारनं गुणा. हे थांबल्या थांबल्या करायचं, कारण अर्ध्या मिनिटात ठोके बरेच खाली येतात. दोन्ही बाजू एकदम दाबू नका, चक्कर येते.

पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराकडे सरकवून, घट्ट बांधला की निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच सुटतो. थंडीत घराबाहेर पडताच पळायला लागू नका. हात गार असताना कातडीकडे रक्त कमी येतं आणि घड्याळ भलतंच काही दाखवतं. एवढं करूनही भागलं नाही तर छातीचा पट्टा घ्या. जो मन लावून आकड्यांवर सराव करणार आहे त्यानं तो घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. छातीचा पट्टा हृदयाचा विजेचा संकेत पकडतो, ईसीजीसारखा, त्यामुळे पावलांशी त्याची गल्लत होत नाही. फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ मध्ये बिनतारी पट्टा आणि घड्याळ बाजारात आणलं. तेव्हापासून साधनं पुष्कळ बदलली, पण पळताना छातीवर मोजणं हेच अजून सगळ्यात भरवशाचं आहे.

या पट्ट्याची एक खोड आहे, ती आपल्या भागात नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. पट्ट्याच्या आतल्या काळ्या पट्ट्या ओल्या असल्या तरच संकेत नीट येतो. कोरडी हवा, वारा आणि अंगात पॉलिएस्टरचा बनियन असला की घाम यायच्या आधीच्या पाच-सात मिनिटांत २०० च्या वरचे आकडे दिसतात आणि माणूस घाबरतो. बांधण्याआधी त्या जागेवर पाणी लावा. परत आल्यावर पट्टा साध्या पाण्यात धुऊन वाळत घाला आणि पुढचं बटणासारखं यंत्र काढून ठेवा, म्हणजे बॅटरी टिकते.

आता १७९. २२० वजा वय हे सूत्र जिममध्ये, घड्याळात, दवाखान्याच्या भिंतीवर सगळीकडे असतं, म्हणून ते शास्त्रानं घासून पुसून काढलेलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात १९७१ च्या सुमारास फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून त्यातून डोळ्यांनी एक अंदाजे रेघ ओढली, तिचं हे सूत्र झालं. पुढे २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बरंच मोठं काम करून २०८ वजा वयाच्या सात दशांश असं सूत्र दिलं. पंचविशीच्या पोराला जुनं सूत्र १९५ देतं, नवं साधारण १९०. साठीच्या माणसाला जुनं १६० देतं, नवं १६६. चाळिशीला मात्र दोन्हींचं उत्तर एकच येतं: १८०. म्हणजे तुमच्यापुरतं सूत्र बदलून काही उपयोग नाही.

खरी अडचण वेगळी आहे. ही सूत्रं सरासरी सांगतात, आणि माणसामाणसांत फार फरक असतो. सुमारे दर तीन माणसांमागे एकाचा खरा आकडा सूत्रापासून दहापेक्षा जास्त ठोक्यांनी वर किंवा खाली असतो. एकाच वयाचे दोन सख्खे मित्र, एकाचे कमाल ठोके १६८ आणि दुसऱ्याचे १९३, दोघंही ठणठणीत, दोघंही सारख्या वेळात पळणारे, हे अगदी शक्य आहे. जास्त कमाल ठोके म्हणजे जास्त दम असं नाही, आणि सरावानं हा आकडा वाढतही नाही. उंचीसारखा तो तुम्हाला मिळालेला असतो.

आणखी एक गोम आहे, ती बहुतेकांना कळत नाही. तुमच्या घड्याळात "६० ते ७० टक्के" असा सोप्या पळण्याचा पट्टा, म्हणजे ठोक्यांची खालची-वरची हद्द, असते. कशाचे टक्के? बहुतेक घड्याळं आपणहून कमाल ठोक्यांचे टक्के घेतात. १७९ चे ६० ते ७० टक्के म्हणजे १०७ ते १२५. आपल्यातला साधा पळणारा १२५ वर फक्त झपझप चालू शकतो. दुसरी रीत फिनलंडचे मार्टी कार्वोनेन यांच्या १९५७ च्या कामातून आली. तिच्यात कमाल ठोक्यांमधून विश्रांतीचे ठोके वजा करतात, उरलेल्याचे टक्के काढतात आणि विश्रांतीचे ठोके परत मिळवतात. तुमचे विश्रांतीचे, म्हणजे सकाळी जाग आल्यावरचे, ठोके ६० धरले तर १७९ वजा ६० म्हणजे ११९, आणि पट्टा येतो १३१ ते १४३. तुमचे खरे कमाल ठोके १९० निघाले तर तोच पट्टा होतो १३८ ते १५१. एकाच माणसाला, एकाच "६० ते ७० टक्क्यां"साठी, एक हिशेब १२५ वर थांबवतो आणि दुसरा १५१ पर्यंत जाऊ देतो. दोन मित्र घड्याळातल्या पट्ट्यांची तुलना करत बसतात तेव्हा ते बहुतेक वेळा वेगवेगळ्या भाषेत बोलत असतात.

म्हणून मी नव्या माणसाला सूत्रात अडकवत नाही, अर्ध्या तासाची चाचणी घ्यायला लावतो. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांनी ती लोकप्रिय केली. पंधरा मिनिटं हळू पळून अंग गरम करा. मग एकट्यानं, सलग ३० मिनिटं, तुम्हाला शेवटपर्यंत टिकवता येईल अशा जास्तीत जास्त वेगानं पळा. पहिली दहा मिनिटं झाली की घड्याळाचं लॅपचं बटण दाबा, म्हणजे पुढचा हिशेब वेगळा राहतो. शेवटच्या २० मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी हा तुमचा उंबरठा. याच्या वर गेलात की श्वास आवरत नाही आणि पाय भरून येतात, याच्या किंचित खाली बराच वेळ तग धरता येतो. कमाल ठोके शोधण्यापेक्षा हे सुरक्षित आहे आणि लांब पळणाऱ्याला जास्त उपयोगी. दवाखान्यातल्या ट्रेडमिल टेस्टवरून कमाल ठोके धरू नका. ती टेस्ट हृदयाचा आजार हुडकायला असते आणि बऱ्याचदा ठरावीक आकडा गाठला की थांबवतात.

चाचणीला सपाट रस्ता हवा, आणि आपल्याकडे तीच पंचाईत. खानापूर तालुक्यात सलग पाच-सहा किलोमीटर सपाटी मिळणं कठीण. रविवारी बेळगावला येत असाल तर नेहरूनगरच्या जिल्हा क्रीडांगणावर घ्या, नाहीतर भल्या पहाटे टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोत, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत. हायवेवर अजिबात नको. उसाचा हंगाम चालू झाला की पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, आणि चाचणीच्या नादात मागचं भान राहत नाही.

समजा तुमचा उंबरठा १६८ आला. सोप्या पळण्याची वरची हद्द उंबरठ्याच्या ८९ टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे १५०. तुमचे कमाल ठोके १९० धरून कार्वोनेनच्या हिशेबानंही १५१ च आलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी आकडा जवळपास एकच येतो तेव्हा त्यावर विसंबायला हरकत नाही. तिसरी वाट फुकटची आहे. पळताना मोठ्यानं सतराचा पाढा म्हणा. तीन-चार ओळी एका श्वासात सहज गेल्या तर सोपं पळताय. प्रत्येक ओळीला श्वास घ्यावा लागला तर हद्द ओलांडलीत. पाढा बिघडायला लागतो त्या क्षणी घड्याळाकडे बघा आणि आकडा लक्षात ठेवा. आठवडाभर हे केलंत तर तुमची हद्द तुम्हीच सांगाल.

१८० वजा वय हा आकडा डॉ. फिल मॅफेटोन यांच्या पद्धतीतला. ती पद्धत वाईट नाही. सतत दुखापत होणाऱ्यांना, फार वर्षं जोरात पळून थकलेल्यांना तिनं फायदा झालेला मी जवळून बघितलाय. पण तिच्यातही वयच धरलंय, म्हणून कमाल ठोके मुळातच जास्त असलेल्या माणसाला ती फार खाली ओढते. तुमची चाचणी १५० म्हणत असेल तर १३९ साठी स्वतःला छळू नका. उलट तुमचा उंबरठा १५५ निघाला तर १३८ हीच तुमची हद्द, आणि मग थोडं चालावं लागलं तरी ते करायचं. ठोके हद्दीवर गेले की अर्धा-एक मिनिट चाला, दहा ठोके खाली आले की परत पळा. दीड-दोन महिन्यांत चालण्याचे तुकडे आपोआप कमी होतात.

इतकं हळू का पळायचं, हे मनात पक्कं बसल्याशिवाय कुणी टिकत नाही. हृदय एका ठोक्यात विश्रांतीच्या वेळी साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. नियमित पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात याहून बरंच जास्त ढकलतं, म्हणून त्याला ठोके कमी लागतात. सरावाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, आणि हृदयाचे कप्पे प्रत्येक वेळी जास्त भरायला लागतात. त्याच्या मागून, महिन्यांच्या हिशेबानं, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, आणि शरीर चरबी जाळून पळायला शिकतं. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणजे मिनिटं लागतात, खूप मिनिटं. सोप्या वेगानं तुम्ही आठवड्याला चार-पाच तास पळू शकता आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर ताजेतवाने उभे राहू शकता. रोज मध्यम-जोरात पळालात तर तीन तासांतच पोटऱ्या धरतात, आणि जोराच्या दिवशी खरा जोर लावायला ताकद उरत नाही. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जगातल्या पहिल्या फळीच्या स्कीअर, वल्हेकरी, धावपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्यांच्या दर दहा सरावांतले सुमारे आठ सोपे असतात.

आपल्याकडे मात्र सकाळी रस्त्यावर नजरेला पडतात ती भरतीची पोरं. सीमाभागात गावोगाव पोरं पहाटे पळतात, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच असल्यानं सैन्याचं वेड घराघरात आहे, आणि त्यांची मेहनत बघून छाती भरून येते. पण त्यांना १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळायचेत. तुम्हाला २१.१ किलोमीटर पळायचेत. त्यांच्या मागे लागून रोज जीव तोडून पळालात तर तुमचा पाया होत नाही. तुम्ही मिनिटाला १४५ ठोके राखत आठ-साडेआठ मिनिटांना एक किलोमीटर जात असाल तेव्हा कुणीतरी बाजूनं जाताना विचारणारच, "काय सर, पळूलाय का फिरूलाय?" हसून हात करा आणि तसेच जात राहा. माझ्या मते ठोक्यांच्या घड्याळाचं मुख्य काम हेच: सोप्या दिवशी तुम्हाला मागे खेचून धरणं. जोर कधी लावायचा हे शरीराला कळतं, थांबायचं कधी हे कळत नाही.

आता आपली हवा आणि आपले रस्ते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरात सकाळी १४-१५ अंशांत जो वेग १४५ ठोक्यांना मिळतो, तोच वेग एप्रिलमध्ये आठ वाजता १५५ ला मिळतो. शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यातलं रक्त घटतं आणि ठोके वाढतात. म्हणूनच लांब पळताना वेग तोच असूनही तासाभरानं आकडा चढत जातो. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडे हवा गार असते तरी दमट इतकी की घाम वाळत नाही, आणि ठोके अपेक्षेपेक्षा चार-सहा जास्त राहतात. अथणी-चिकोडीकडच्या मित्रांना तर मार्च ते मे सूर्य उगवायच्या आत पळणं संपवावं लागतं. अशा दिवशी आकडा धरा आणि वेग सोडा. उन्हाळ्यात वेग कमी झाला म्हणून हताश होऊन जोर वाढवणं हा नुकसानीचा धंदा आहे.

चढावरही तसंच. खानापूर भागात चढउतार टाळता येत नाहीत. चढ लागला की पावलं आखूड करा, तरीही आकडा हद्द ओलांडत असेल तर चाला. दोन-चार ठोके वर गेले आणि उतारावर खाली आले तर मनाला लावून घेऊ नका, सगळ्या पळण्याची सरासरी महत्त्वाची. उतारावर ठोके घसरतात म्हणून वेग भरून काढायला धावत सुटू नका, मांड्यांना त्याचा मार बसतो आणि तो घड्याळात दिसत नाही.

जोराचे दिवस आठवड्यात दोनच, आणि तिथं या घड्याळाची मर्यादा ओळखून वागा. हृदय मागून येतं. तुम्ही ४०० मीटर जोरात पळालात तर ठोके वर पोचेपर्यंत निम्मं अंतर संपलेलं असतं. आकडा लवकर वर यावा म्हणून सुरुवातच फार वेगात कराल आणि शेवटी फसाल. तीन मिनिटांहून छोट्या तुकड्यांना वेळ आणि श्वास बघा. आकडा उपयोगी पडतो तो विश्रांतीत. १९३० च्या दशकात जर्मनीत वॉल्डेमार गेर्शलर आपल्या धावपटूंना ठोके १८० च्या आसपास जाईपर्यंत पळवत आणि १२० पर्यंत खाली येईस्तोवर थांबवत. दीड मिनिटात खाली आले नाहीत तर तुकडा फार जोराचा झाला असं समजत. त्यांचाच शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. हातात घड्याळाचा पट्टा नसताना, नाडीवर बोट ठेवून. नेमका १२० हा आकडा तुम्हाला लागू पडेलच असं नाही, पण चौथ्या-पाचव्या तुकड्यानंतर ठोके खाली यायला पहिल्यापेक्षा फार वेळ लागायला लागला की त्या दिवसाचं काम झालं, घरी जायचं.

हाफसाठी मला जास्त मोलाचं वाटतं ते उंबरठ्याच्या किंचित खालचं सलग पळणं. १० मिनिटांचे दोन तुकडे, पुढे तीन, उंबरठा १६८ असेल तर ठोके १५८ ते १६४. इथं छातीचा पट्टा पैसे वसूल करतो. दहा मिनिटांत आकडा स्थिर होतो आणि आवेशात १७० ला गेलात तर लगेच कळतं.

प्रगती मोजायची ती अशी. महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, अंग गरम करून ५ किलोमीटर नेमक्या १४५ ठोक्यांवर पळा आणि वेळ लिहून ठेवा. वहीतच लिहा, सोबत हवा कशी होती, झोप किती झाली तेही. त्याच ठोक्यांना किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद कमी लागले तर पाया भरतोय. रविवारच्या लांब पळण्याचेही दोन भाग करून बघा. समजा वेग सारखाच ठेवून पहिल्या अर्ध्याची सरासरी १४२ आणि दुसऱ्याची १४९ आली. वाढ पाच टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे ते अंतर अंगात मुरलंय. १५६ आली तर अंतर वाढवू नका, आणखी दोन आठवडे तेवढंच पळा. पाणी कमी प्यायलात का, तेही आठवा.

सकाळी जाग आल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणातच ठोके मोजायची सवय लावा. रात्री झोपेत घड्याळ जो सगळ्यात कमी आकडा नोंदवतं तो वेगळा, दोन्हींची सरमिसळ करू नका. नेहमीच्या सरासरीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आले तर त्या दिवशी जोराचं पळणं रद्द. बहुतेक वेळा झोप झालेली नसते, किंवा अंगात ताप भरत असतो. ताप असताना पळायचंच नाही. डेंग्यू किंवा तशा तापातून उठल्यावरही सकाळचा आकडा जुन्या जागी येईपर्यंत फक्त चाला. तुमच्या गटात बायका पळत असतील आणि एखादीचे ठोके सोप्या पळण्यातही सतत फार वर राहत असतील, दम लवकर लागत असेल, तर सराव वाढवायला सांगू नका, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला सांगा. रक्त कमी असलं की हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढतं. थायरॉइडचंही तसंच.

घरच्यांच्या काळजीबद्दल. १७२ हा आकडा पावलांचा निघाला तर ती काळजी मिटेल. तरीही चाळिशी ओलांडली आहे, म्हणून अर्ध्या तासाच्या चाचणीआधी एकदा डॉक्टरांना भेटून या. रक्तदाब, साखर, ईसीजी बघून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर हे टाळूच नका. पळताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा थांबल्यावरही अनियमित धडधड झाली तर घड्याळ काहीही दाखवत असो, तिथंच थांबायचं, सोबतच्याला सांगायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. एकटे पळत असाल तर खिशात मोबाइल हवा, जंगलाच्या बाजूला रेंज नसते हे ध्यानात ठेवून रस्ता निवडा.

मुंबईत जानेवारीची पहाट आपल्यापेक्षा उबदार आणि दमट असते. आदल्या महिन्यात इथल्या गारठ्यात जमलेला वेग तिथं त्याच ठोक्यांना मिळणार नाही, किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद जास्त धरून चाला. सुरुवातीच्या रांगेत उभं असतानाच उत्साहानं आकडा ११० दाखवेल, त्याची चिंता नको. उंबरठा १६८ असेल तर पहिले ५ किलोमीटर १५२ च्या वर जाऊ देऊ नका. सगळे पुढे निघून जातायत असं वाटेल, जाऊ द्या. मग १५ व्या किलोमीटरपर्यंत १५५ ते १५८. पेडर रोडच्या चढावर १६२-१६३ झाले तरी चालेल, माथ्यावर पोचल्यावर पुन्हा खाली येऊ द्या. शेवटच्या ३ किलोमीटरला घड्याळाकडे बघायचं बंद करा आणि अंगात असेल तेवढं पळा. आणि हो, पट्टा असो की घड्याळ, नवं साधन शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा बांधू नका.

राहिले काका. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशा नावाच्या गोळ्या हृदयाचे ठोकेच रोखून धरतात, म्हणून त्यांचे ठोके १२० वर अडतात. हे गोळीचं काम आहे, त्यात काळजीचं काही नाही, पण वरचं एकही सूत्र आणि एकही पट्टा त्यांना लागू होत नाही. १२० ठोके हे त्यांच्यासाठी जोराचं पळणंही असू शकतं. अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी ठोके असे दबत नाहीत, तेव्हा पाकिटावरचं नाव बघून घ्या. ठोके चढत नाहीत म्हणून गोळी चुकवायची नाही, डोस बदलायचा नाही, पळायच्या सकाळी तर मुळीच नाही. एक गोळी एकदम बंद केली तरी रक्तदाब उसळू शकतो. त्यांनी पाढ्यावर पळावं. सतराचा जमत नसेल तर बाराचा चालेल. आणि डॉक्टरांना एवढंच सांगावं की मी आठवड्याला इतके किलोमीटर पळतो, पुढेही पळायचंय. गोळी बदलायची का, हे ते ठरवतील.